सोसायटीची निवडणूक : मतदार यादीपासून सुरू होणारा नागरिकशास्त्राचा धडा



सहावीच्या नागरिकशास्त्रात ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका असं सगळं येतं. मुलं सरपंचाचे अधिकार पाठ करतात, पेपरात लिहितात, मार्क मिळवतात. पण शहरातल्या शाळेत बसलेली बरीचशी मुलं ज्या इमारतीत राहतात तिथेही एक लहानसं शासन चालू असतं, आणि त्याबद्दल पुस्तकात काही नाही. पाण्याची वेळ कोण ठरवतं? लिफ्टचा कंत्राटदार कोण निवडतं? खाली क्रिकेट खेळायला मनाई करणारा बोर्ड कोणी लावला? मुलांना विचारलं की उत्तर ठरलेलं असतं, "सेक्रेटरी काकांनी." मग पुढचा प्रश्न विचारायचा : सेक्रेटरी काकांना सेक्रेटरी कोणी केलं?

इथे बहुतेक वर्ग गप्प होतो. खरं सांगायचं तर पालकसभेत हाच प्रश्न विचारला तर पालकही गप्प होतात. म्हणून हा लेख दोघांसाठी आहे. सोसायटीच्या निवडणुकीत भांडणं का होतात, ती नेमकी कुठे सुरू होतात आणि हा विषय वर्गात कसा घेता येईल, हे एकत्र लिहिते आहे.

समिती म्हणजे काय आणि तिच्या हातात काय असतं

महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० या कायद्याखाली चालतात. २०१९ मध्ये या कायद्यात गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण घातलं गेलं. सदस्य मिळून व्यवस्थापक समिती निवडतात, तिची मुदत पाच वर्षांची असते. आदर्श उपविधींप्रमाणे १०० पर्यंत सदस्य असतील तर समिती ११ जणांची : सर्वसाधारण ६, महिला २, अनुसूचित जाती-जमाती १, इतर मागासवर्ग १, आणि विमुक्त जाती-भटक्या जमाती व विशेष मागास प्रवर्ग मिळून १. राखीव जागेसाठी संस्थेत सदस्यच नसेल तर ती जागा रिकामी राहते.

एक गोष्ट मुलांना (आणि मोठ्यांनाही) नवीन वाटते. चेअरमन, सेक्रेटरी, खजिनदार यांना सदस्य थेट निवडत नाहीत. सदस्य समिती निवडतात आणि समिती आपल्यातून पदाधिकारी निवडते. म्हणजे आपण आमदार निवडतो आणि आमदार मुख्यमंत्री ठरवतात, तसंच काहीसं. हे उदाहरण दिलं की सहावीच्या मुलाला लगेच कळतं.

आता या समितीच्या निवडणुकीवरून माणसं एवढी हमरीतुमरीवर का येतात? खालच्या पार्किंगवरून तर येतातच, पण खरा पैसा दोन ठिकाणी असतो. एक म्हणजे वर्षानुवर्षं जमलेला सिंकिंग फंड आणि दुरुस्ती निधी. दुसरं, आणि आजकाल मुंबई-पुणे-ठाण्यात सर्वांत मोठं, म्हणजे पुनर्विकास. जुनी इमारत पाडून नवी बांधायची, तर कोणत्या बिल्डरशी बोलायचं, कोणता सल्लागार नेमायचा, निविदा कशा मागवायच्या, सभा कधी बोलवायची, हे सगळं समितीच्या हातून जातं. अंतिम निर्णय सर्वसाधारण सभेचा असला तरी सभेपुढे काय ठेवायचं हे समिती ठरवते. ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाप्रमाणे पुनर्विकासाच्या सभेला दोन तृतीयांश सदस्यांची गणपूर्ती लागते आणि एकूण सदस्यांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते.

इथे गणिताच्या तासाला एक छान उदाहरण मिळतं. ९६ सदस्यांची सोसायटी आहे. गणपूर्तीला किती हवेत? ६४. संमतीला किती? ९६ चे ५१ टक्के म्हणजे ४८.९६, म्हणजे ४९ माणसं. आता सभेला बरोबर ६४ जणच आले, तर त्यातल्या ४९ जणांनी हो म्हणायला हवं. मुलं पटकन "निम्म्याहून थोडे जास्त" म्हणतात. प्रत्यक्षात ते हजर असलेल्यांच्या सुमारे ७७ टक्के होतात. 'कशाचे ५१ टक्के' हा प्रश्न टक्केवारीच्या धड्यात सर्वांत महत्त्वाचा असतो, आणि सोसायटीच्या सभेतही.

भांडण सुरू कुठे होतं

आपल्याला वाटतं निवडणुकीतली गडबड मतपेटीत होते. सोसायटीच्या वादांमध्ये ती बहुतेक वेळा त्याच्या कितीतरी आधी झालेली असते, मतदार यादीत. यादीत कोण आहे आणि कोण नाही हे एकदा ठरलं की साठ-सत्तर मतांच्या निवडणुकीत पाच नावांचा फरकसुद्धा निकाल फिरवतो.

आमच्या शाळेतल्या एका मुलीच्या आईने मला सांगितलेली गोष्ट. त्यांनी चार वर्षांपूर्वी फ्लॅट विकत घेतला. दर महिन्याला मेंटेनन्स भरतात, पावती मिळते. निवडणुकीची नोटीस लागली तेव्हा यादीत त्यांचं नाव नव्हतं, अजून आधीच्या मालकांचं होतं. कारण? शेअर सर्टिफिकेट त्यांच्या नावावर झालेलंच नव्हतं. अर्ज दिला होता, तो "पुढच्या मीटिंगला घेऊ" असं म्हणत पडून राहिला होता. बाईंचा प्रश्न साधा होता : पैसे घेताना मी सदस्य आणि मत देताना मी पाहुणी, असं कसं?

कायदा त्यांच्या बाजूने आहे, पण आपोआप नाही. सदस्यत्वाच्या अर्जावर संस्थेने तीन महिन्यांत निर्णय कळवायचा असतो. कळवला नाही किंवा नाकारला तर निबंधकांकडे दाद मागता येते. पण हे करायचं तर वेळेत करायला हवं. निवडणुकीचा कार्यक्रम जाहीर झाल्यावर धावपळ करून फारसं हाती लागत नाही. आणि अर्जाची पोहोच घेतलेली नसेल, तर अर्ज दिला होता हे दाखवणार कसं?

यादीबद्दलचे आणखी काही नियम पालकांना माहीत असावेत म्हणून लिहिते.

सहकारी संस्थेत एका सदस्याला एकच मत. एकाच्या नावावर तीन फ्लॅट असले तरी मत एक. मत स्वतः येऊन द्यायचं, दुसऱ्याच्या हाती चिठ्ठी देऊन पाठवता येत नाही. फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल तर शेअर सर्टिफिकेटवर ज्याचं नाव पहिलं त्याचं मत; ती व्यक्ती हजर नसेल तर पुढच्या नावाच्या व्यक्तीला देता येतं. बऱ्याच घरांत पहिलं नाव कोणाचं आहे हे सर्टिफिकेट काढून बघितल्याशिवाय कोणालाच आठवत नाही. भाडेकरूला मत नाही, तो दहा वर्षं राहत असला तरी. मूळ सदस्य वारले असतील तर नॉमिनेशन केलेलं आहे का यावर पुढचं सगळं अवलंबून. सासरे जाऊन सहा वर्षं झाली आणि यादीत अजून त्यांचंच नाव, अशी घरं प्रत्येक जुन्या इमारतीत असतात. तिथे मत कोणाचंच नसतं.

आणि थकबाकीदार. बिल-नोटीस मिळूनही तीन महिन्यांत देणं न भरणारा सदस्य समितीच्या निवडणुकीला उभा राहू शकत नाही. नियम योग्यच आहे. सगळ्यांचे पैसे सांभाळायला ज्याने स्वतःचे भरले नाहीत त्याला कसं बसवणार? पण हाच नियम हत्यार म्हणूनही वापरता येतो. विरोधात बोलणाऱ्याच्या बिलात अचानक जुना दंड लावायचा, तो वाद घालत बसला की त्याला थकबाकीदार ठरवायचं, आणि अर्ज बाद. म्हणून बिलाबद्दल तक्रार असेल तर ती लेखी द्यावी आणि रक्कम 'हरकत राखून' भरून टाकावी, असं माझं मत आहे. भांडण नंतर करता येतं, अर्जाची तारीख मात्र निघून जाते.

जाता जाता : पुण्यात बऱ्याच ठिकाणी सोसायटी नसून 'अपार्टमेंट' असतं. ते १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखाली येतं आणि तिथे मताचं वजन प्रत्येकाच्या अविभक्त हिश्शाच्या टक्केवारीवर ठरतं. मोठ्या घराचं मत मोठं. तेव्हा आपण नक्की कशात राहतो हे आधी तपासा.

निवडणूक घेणार कोण

२०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीनंतर महाराष्ट्रात सहकारी संस्थांच्या निवडणुकांसाठी राज्य सहकारी निवडणूक प्राधिकरण आलं. (या दुरुस्तीतला राज्यांतल्या सहकारी संस्थांना लागू होणारा भाग सर्वोच्च न्यायालयाने २० जुलै २०२१ ला रद्द केला. पण सहकारी संस्था स्थापन करण्याचा मूलभूत हक्क अनुच्छेद १९ मध्ये राहिला, आणि राज्याचा स्वतःचा कायदाही राहिला.) पुढे अडचण अशी झाली की वीस-पंचवीस घरांच्या इमारतीसाठीही सरकारी यंत्रणेची वाट बघायची वेळ आली. म्हणून २५० पर्यंत सदस्य असलेल्या गृहनिर्माण संस्थांना आपली निवडणूक आपणच घ्यायची मुभा मिळाली.

सोय झाली, पण इथेच दुसरा वाद जन्माला येतो. निवडणूक निर्णय अधिकारी कोण नेमणार? विद्यमान समिती. तो स्वतः उमेदवार असता कामा नये, एवढं बघितलं जातं. पण सेक्रेटरींचा रोज सकाळी बरोबर फिरायला जाणारा मित्र असला तर? नियमात बसतं, पण मनाला पटत नाही. माझ्या मते लहान सोसायटीने थोडे पैसे खर्च करून बाहेरचा, निवडणुकीचा अनुभव असलेला माणूस नेमावा. पाच वर्षांत एकदाचा खर्च आहे.

घरमालकांच्या संघटनांची हीच भांडणं अमेरिकेतही आहेत, आणि तिथली एक घटना तर या बाबतीत धडाच आहे.

लास व्हेगासमध्ये काय झालं

अमेरिकेत वसाहतीतल्या घरमालकांची संघटना असते, तिचं एक संचालक मंडळ असतं, मालकांना दर महिन्याला वर्गणी भरावी लागते. आपल्या सोसायटीसारखंच. नेवाडा राज्यातल्या लास व्हेगास शहरात २००३ ते २००९ या काळात एका टोळीने अशा बऱ्याच संघटनांची मंडळं ताब्यात घेतली. सूत्रधार लिऑन बेन्झर नावाचा बांधकाम कंपनीचा मालक होता. त्याची पद्धत अशी. संकुलात आपल्या माणसांच्या नावावर घरं घ्यायची. ती माणसं कागदोपत्री मालक, म्हणून निवडणुकीला उभी राहायला पात्र. मग ती निवडून आणायची. मंडळ हातात आलं की बांधकामातल्या दोषांबद्दल मूळ बिल्डरवर दावा लावायचा ठराव करायचा, वकील आपला, आणि दुरुस्तीचं काम आपल्याच कंपनीला.

निवडून आणायची कशी? जे मालक बाहेरगावी राहतात, मतदान करतच नाहीत, अशांची नावं हेरली. त्यांच्या नावाने मतपत्रिका भरल्या आणि वेगवेगळ्या ठिकाणांहून टपालाने पाठवल्या. संशय येऊ नये म्हणून निवडणुकीवर देखरेख करायला 'तटस्थ' वकील नेमले. ते वकीलही टोळीतलेच निघाले. सप्टेंबर २००८ मध्ये एफबीआयने छापे घातले. पुढे चाळीसच्या आसपास लोक दोषी ठरले आणि बेन्झरला २०१५ मध्ये पंधरा वर्षांहून जास्त शिक्षा झाली.

ही गोष्ट मी सनसनाटी म्हणून सांगत नाही. यात दोन बाबी बघा. मतांची चोरी त्यांचीच झाली ज्यांनी मत वापरलंच नसतं. सभेला न जाणाऱ्या माणसाचं मत दुसऱ्याला मोकळं सापडलं. आणि कागदावर तटस्थ अधिकारी होता. 'नेमला' एवढं पुरेसं नसतं. तो कोणी, कसा नेमला, हे सदस्यांना दिसावं लागतं.

कॅलिफोर्निया राज्यात घरमालक संघटनांसाठी कायद्यानेच दुहेरी पाकिटाची पद्धत आहे. मतपत्रिकेवर नाव नाही, सही नाही. ती आतल्या पाकिटात बंद करायची, ते पाकीट बाहेरच्या पाकिटात, आणि बाहेरच्या पाकिटावर नाव, पत्ता, सही. बाहेरचं पाकीट यादीशी ताडून बघायचं; आतलं उघडताना ते कोणाचं हे कळत नाही. मतमोजणी सभेत, सगळ्यांच्या देखत. २०२० पासून तिथे आणखी एक गोष्ट आली : मतपत्रिका पाठवण्याच्या किमान ३० दिवस आधी सदस्यांना यादीतलं आपलं नाव तपासता आलं पाहिजे, चूक सापडली तर दोन कामकाजाच्या दिवसांत दुरुस्त झाली पाहिजे. म्हणजे तिथेही गाडी शेवटी यादीपाशीच आली.

आपल्याकडे तात्पुरती यादी सूचनाफलकावर लावणं, हरकती मागवणं, मग अंतिम यादी, असा क्रम आहेच. फक्त ती यादी उभं राहून वाचणारे किती, हा प्रश्न आहे.

निकालानंतर

निकाल लागल्यावर तक्रार असेल तर कायद्याच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात दाद मागायची, आणि निकाल जाहीर झाल्यापासून दोन महिन्यांच्या आत. व्हॉट्सॲप ग्रुपवर तीन महिने वाद घालून मग वकिलाकडे गेलं की दार बंद झालेलं असतं. उपनिबंधकांना नुसतं पत्र लिहिणं म्हणजे दावा नव्हे. दावा लावायचा तर कागद लागतात : नोटीस कधी लागली त्याचा फोटो, यादीची प्रत, दिलेल्या हरकतीची पोहोच.

वर्गात कसं घ्यायचं

मी हा उपक्रम गेल्या वर्षी पाचवीच्या वर्गात घेतला. ३४ मुलं, तीन तास, साहित्य म्हणजे जुन्या वह्यांचे कोरे कागद आणि बुटाचा एक खोका. निवडायची होती वर्गाची 'ग्रंथालय समिती', आणि समितीला खरा अधिकार दिला होता : महिन्याची पुस्तकं तीच ठरवणार. काहीतरी खरं पणाला लागल्याशिवाय मुलं मनापासून भांडत नाहीत.

पहिल्या फेरीत मतदार यादी एका उमेदवाराला करायला सांगितली. अट एकच : काल गैरहजर असलेल्यांना वगळायचं. पाच मुलं वगळली गेली. यादी दाराच्या मागे, बारीक अक्षरात लावली. मतदानाच्या वेळी त्या पाचांना परत पाठवल्यावर वर्गात जो गलका झाला तो शेजारच्या वर्गातल्या बाई बघायला येण्याइतका होता. एक मुलगा म्हणाला, "मी काल आजारी होतो, आज तर आहे ना!" दुसरी म्हणाली, "यादी लावली होती हे आम्हाला सांगितलंच नाही." मी म्हटलं, लावली होती की, दारामागे. त्यावर मिळालेलं उत्तर : "दारामागे लावतात का कुणी!"

दुसऱ्या फेरीत यादी नीट केली, सगळ्यांनी मतं टाकली, पण मोजणी एका उमेदवाराच्या मित्राने एकट्याने, बाहेर व्हरांड्यात केली. तो मुलगा अतिशय प्रामाणिक आहे आणि मोजणी बरोबरच होती. मी नंतर सगळ्यांसमोर पुन्हा मोजून दाखवली. तरीही आधी कोणीही निकाल मानला नव्हता. हरलेली मुलं तर नाहीच, जिंकलेल्या मुलीलाही आनंद झाला नाही. "सगळे म्हणतायत मी फसवून जिंकले," असं म्हणून ती रडकुंडीला आली. मला या फेरीतून जास्त मिळालं. खरी मोजणी आणि खरी वाटणारी मोजणी यातला फरक मुलांनी स्वतः अनुभवला, मला शब्दात सांगावा लागला नाही.

तिसऱ्या फेरीत नियम मुलांनी केले. यादी फळ्यावर मोठ्या अक्षरात, दोन दिवस आधी. नाव राहिलं असेल तर सांगायचं. मोजणी टेबलावर, प्रत्येक उमेदवाराचा एक जण शेजारी उभा. प्रत्येक चिठ्ठी उघडून सगळ्यांना दाखवायची. एका मुलीने विचारलं, "पण अक्षरावरून कळेल ना कोणाचं मत ते?" म्हणून नाव लिहिण्याऐवजी चिन्हापुढे फुली मारायचं ठरलं. यातलं काहीही मी आधी शिकवलं नव्हतं.

एक प्रश्न मात्र सुटला नाही. मी विचारलं, एका माणसाचे चार फ्लॅट असतील तर मतं किती? वर्गाचे सरळ दोन भाग झाले. "चारही घरांचा मेंटेनन्स तो भरतो, मग चार." "माणूस एकच आहे, मग एक." तास संपला, वाद डब्याच्या सुट्टीतही चालू होता. शिक्षकांनी इथे उत्तर देऊ नये असं मला वाटतं. सहकारी कायद्याने एक उत्तर दिलंय, अपार्टमेंटच्या कायद्याने दुसरं. मोठ्यांचंच एकमत नाही हे मुलांना कळलं तर बिघडत नाही.

पालकांनी एका शब्दावर घरी बोलावं : बिनविरोध. आपल्याकडे निवडणूक बिनविरोध झाली की पेढे वाटतात, खर्च वाचला म्हणतात. कधीकधी ते खरंच समजुतीने झालेलं असतं. पण कधी कोणी उभं राहायलाच तयार नसतं, आणि कधी अर्ज भरायची शेवटची तारीख चार जणांनाच माहीत असते. तिन्ही ठिकाणी फलकावर शब्द एकच लागतो. तसंच महिलांच्या दोन जागांचं. नाव वहिनींचं आणि मीटिंगला दादा, हे चित्र मुलं बघत असतात. आईने स्वतः मीटिंगला जाऊन इतिवृत्तावर सही केली, तर मुलीला वेगळा धडा द्यावा लागत नाही.

गृहपाठ (इयत्ता पाचवी ते सातवी, पालकांच्या मदतीने)

इमारतीच्या सूचनाफलकापाशी जा आणि वहीत लिहून आणा : समितीत किती जण आहेत, त्यात महिला किती, या समितीची मुदत कधी संपते. घरातलं शेअर सर्टिफिकेट आईबाबांना काढायला सांगा आणि त्यावर पहिलं नाव कोणाचं आहे ते बघा. जी मुलं चाळीत, वाड्यात किंवा वस्तीत राहतात त्यांनी नळाची वेळ, गणपतीची वर्गणी किंवा साफसफाई कोण ठरवतं आणि त्याला कोणी निवडलं, हे विचारून या. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी घरमालक मत द्यायला येतात का, ते विचारा. फलकावर काहीच लावलेलं नसेल तर वहीत तसंच लिहा, "काहीच लावलेलं नाही," आणि खाली तारीख टाका.